आबांच्या मापाचे बूट

तात्या,

काल आबांनी बूट घातले. माझ्या हातचे बूट! घातले, नाड्या बांधल्या, उठून उभे राहिले आणि कन्हेरीच्या आमच्या रानात बांधाबांधानं पार विहिरीपर्यंत चालत गेले, आणि चालतच परत आले. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. सकाळी दुकान उघडलं, आरी हातात घेतली, खाली ठेवली, परत घेतली. नवऱ्याला सांगून झालं, भावाला सांगून झालं, शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या बाईंनाही सांगून झालं. सगळ्यांना आनंद झाला, पण तो आबा चालले याचा. बूट टाचेला कसा धरून बसला, पुढं बोटांना कशी मोकळीक राहिली, घोट्यापाशी कातडं कसं वळलं, हे ऐकताना ज्याचा चेहरा उजळला असता असा माणूस माझ्या ओळखीत एकच होता. तो जाऊन इतकी वर्षं झाली की इंदापुरात तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. तरी तुम्हालाच लिहिते. भर दुपार आहे, बारामतीची पेठ उन्हानं गप्प झालीय, शटर मी अर्धं खाली ओढलंय.

सुरुवात मात्र तुमच्या दुकानापासूनच करावी लागेल, कारण मी तिथं पहिल्यांदा का थांबले हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नव्हतं. मी तेव्हा इंदापुरात आत्याकडं राहून शिवणाच्या क्लासला जात होते. तुमचं दुकान वाटेवर, एसटी स्टँडच्या अलीकडं, पत्र्याच्या पेटीएवढं. येणारा प्रत्येक माणूस तुटलेली चप्पल हातात घेऊन यायचा आणि तुम्ही मान वर न करता ती घ्यायचा. मीही रोज जाता-येता बघायचे आणि पुढं जायचे. त्या दिवशी फळीवर एक जोड होता. बावड्याच्या कुण्या घोडेवाल्यासाठी तुम्ही करत होता ते गुडघ्याएवढे बूट, अजून पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चढवलेले, रंग न दिलेले. ते आपले आपण उभे होते. मी कापडाच्या जगातली. कापड अंगावर घातल्याशिवाय त्याला आकार येत नाही. हे मात्र आत माणूस नसताना माणसासारखे उभे होते, पोटरीला फुगलेले, घोट्याला बारीक झालेले. आणि टाचेभोवती कातडं असं गोल वळलं होतं, पण चुणी कुठंच नव्हती! आमच्या क्लासच्या बाई सांगायच्या, गोलाई आली की चुणी आलीच, ती कुठं लपवायची एवढंच आपल्या हातात. मी थांबले आणि कसलीही ओळख नसताना विचारलं, "चुणी कुठं गेली?"

तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केलीत. आधी माझ्या पायांकडं बघितलंत, चप्पल तुटली असेल म्हणून. मग चेहऱ्याकडं. "काय म्हनलीस?"

"टाचेला कातडं वळलंय, मग त्याची चुणी कुठं गेली?"

तुम्ही हसलात. "आजवर कुनी इचारलं न्हवतं," म्हणालात. बूट उलटा केलात आणि दाखवलंत. तळ अजून लावलेला नव्हता. खाली सगळ्या चुण्या होत्या, एकीला एक चिकटून, चाकूनं तासून सपाट केलेल्या, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारख्या. "ही बघ. सगळी भानगड खाली दाबलीया. वरनं मानूस कसा गुळगुळीत दिसतोय." मी त्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं. तात्या, लोकांना काय काय बघून वेड लागतं. मला त्या उलट्या बुटानं लावलं.

मग मी रोज यायला लागले. क्लास सुटला की तुमच्या दुकानात, तुम्ही दिलेल्या पालथ्या डब्यावर. तुम्ही पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात उमेदीची वर्षं काढली होती, तिथं फौजेतल्या अधिकाऱ्यांचे घोडेस्वारीचे बूट केले होते, आणि म्हातारे आईवडील एकटे पडले म्हणून इंदापूरला परत आला होता. इथं बुटाचं काम क्वचित यायचं. आलं की तुमची चालच बदलायची. मला आठवतं, तुम्ही मला शिकवायचं कबूल करण्याआधी एक अट घातलीत. "आधी घरी इचार. तुमी शेतकरी मानसं, आमी चांभार. उद्या तुझा बाप माझ्या दारात यून हुभा ऱ्हाईल, तवा मी काय बोलायचं?" मी आत्याला विचारलं. आत्या भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "शिवणकामच ना?" मी म्हटलं, "होय." "मग शीक की. दादाला मी सांगते." तिनं आबांना कधीच सांगितलं नाही, हे मला पुढं कळलं.

तुमचा एक ओरडा अजून कानात आहे. मी पहिल्यांदा पुरा एक बूट शिवला होता, वरचं कातडं आणि तळ यांच्यामधली पट्टी मेणाच्या दोऱ्यानं टाका टाका करत. शिवणाच्या क्लासमुळं माझा हात बसलेला, टाके असे एकसारखे पडले होते की मी स्वतःच त्याच्याकडं बघत बसले. तुम्ही बूट हातात घेतलात, खिडकीपाशी नेलात, आत हात घातलात आणि कातडं कापायच्या रापीनं सगळी शिवण उसवलीत. मला रडू यायला लागलं. तुम्ही म्हणालात, "डोळ्याला लई झ्याक झालाय. पन करंगळीला जागा कुठंय? ती बिचारी आत जाऊन काय करनार? डोळ्यासाठी शिवायचं आसंल तर पडदं शीव." आणि मग, माझा चेहरा बघून, चहा मागवलात. ते उसवलेलं काम मी परत केलं, आणि परत केलेलं तुम्ही ठेवलंत. माप घेताना गिऱ्हाइकाला उभं करायचं, बसवायचं नाही, हेही तेव्हाच घोटून घेतलंत. भार पडला की पाय पसरतो, बसलेल्या पायाचं माप खोटं असतं.

क्लास संपून मी कन्हेरीला परत निघाले तेव्हा तुम्ही मला बूट दिलेत. माझे! मापही मला न कळू देता, खेळ केल्यासारखं घेतलं होतंत. कागदावर उभी केलीत, पेन्सिल फिरवलीत आणि म्हणालात, "तुजा उजवा पाय डाव्यापेक्षा लांब हाय. ठाऊक हाय का?" ठाऊक नव्हतं. माझे पाय रुंद, लहानपणापासून ज्या चपला मिळाल्या त्यात बोटं आवळून चालायची सवय; सगळ्यांनाच असं चालावं लागतं अशी माझी समजूत होती. त्या बुटांत मी पाय घातला. गडद तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, आत मऊ अस्तर. टाच जागच्या जागी बसली, जणू कुणीतरी तळव्याखाली ओंजळ धरली. बोटं सुटी झाली. मी उभ्या उभ्या बोटं हलवून बघितली, प्रत्येक वेगळं हललं, आणि मला हसायलाच यायला लागलं. तुम्ही पण हसलात. "चाल की, नुसती हुभी का?" मी स्टँडपर्यंत गेले आणि परत आले, उगाच. गाडी चुकली. पुढची येईपर्यंत पुन्हा चालत राहिले. सलवार-कमीजखाली तसले बूट घातलेली मुलगी तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर कुणी बघितलेली नव्हती. लोक बघत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

कन्हेरीला पोचले तेव्हा आबा अंगणात बैलांपुढं उसाचं वाढं टाकत होते. त्यांची नजर आधी माझ्या पायांवर गेली.

"हे कुनी दिलं?"

मी एका दमात सांगून टाकलं. इंदापूरचे तात्या, त्यांचं दुकान, मी शिकले, मला येतं, आता मला हेच करायचंय. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. हातातलं वाढं खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आपल्यात कुनी चामडं शिवत न्हाय."

"आबा, आजोबांनी विहिरीचं पाणी काढून मळा भिजवला ती मोट कशाची होती? चामड्याचीच ना?"

"ती शिवली न्हवती त्यानी. वापरली हुती." आणि आत जाता जाता, "ते गोठ्यात ठिव. घरात न्हाय."

मी बूट गोठ्यात ठेवले. आई तिन्हीसांजेला दिवा घेऊन आली तेव्हा मी तिथंच गव्हाणीपाशी बसलेली होते. तिनं बूट उचलून बघितला, आत हात घातला, तुम्ही घालायचा तसाच, आणि म्हणाली, "मऊ हाय गं." एवढंच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. स्थळं यायला लागली, मुलगी काय करते विचारलं की आबा सांगायचे, शिवणकाम. खोटं नव्हतं ते. कशाचं शिवणकाम ते मी सांगायचे आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. लोणी भापकरचं स्थळ आलं तेव्हा मुलगा माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "हे तुम्ही केले?" मी म्हटलं, "नाही, माझ्या तात्यांनी. पण मला येतात." तो म्हणाला, "मग माझं माप घ्या की." सगळी बैठक हसली, आबा सोडून. त्या लग्नाला तुम्ही आला होतात, पांढरंशुभ्र धोतर नेसून, मांडवाच्या कडेच्या खुर्चीवर बसला होतात. आबांनी लांबून हात जोडले आणि दुसरीकडं वळले. मी बोहल्यावरून ते बघत होते. तुम्ही मात्र जेवून, मला आशीर्वाद देऊन, नवऱ्याचे बूट खाली वाकून तपासून गेलात! बारामतीत दुकान टाकलं तेव्हा तुमचे सगळे फर्मे पोत्यात घालून घेऊन आलात. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी कुणापाशी शिकले हे आबा कधी बोलले नाहीत, आणि माझ्या दुकानात कधी आले नाहीत. बाजाराच्या दिवशी ते बारामतीला यायचे, पेठेच्या पलीकडच्या रांगेनं जायचे. मला त्यांची टोपी दिसायची. सणाला घरी गेले की आम्ही ऊस, पाऊस, कारखाना, भावाची मुलं, सगळ्यावर बोलायचो. दुकान सोडून.

आणि मग त्यांना शुगर निघाली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. चपलेच्या अंगठ्यानं एक जखम झाली, ती चिघळली आणि उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही आणि पुन्हा जखम होऊ द्यायची नाही, झाली तर सगळं पाऊलच राहील की नाही सांगता येत नाही. भावानं मोठ्या दुकानातून महागाचे मऊ बूट आणले. ते एका पायाला सैल, दुसऱ्याला घट्ट. गेलेल्या बोटाच्या जागी पाय आत सरकायचा आणि करंगळी घासायची. पुन्हा लाल झालं. मग आबांनी बूटच सोडले आणि चालणंही सोडलं. उभ्या जन्मात ज्यांचा एक दिवस रानात गेल्याशिवाय गेला नाही, ते खिडकीशी बाज टाकून बसायला लागले. आईचा फोन आला, "तुजा बाप खिडकीतनं ऊस बघतोय. दिसभर. बोलत न्हाय कुनाशी." मी म्हटलं, "मी करते बूट." आई म्हणाली, "त्यास्नी तू इचार." मी फोनवर विचारलं. "बघू," म्हणाले.

तात्या, मग ते आले! आधी न सांगता. मी खाली मान घालून तळ घासत होते, दारात सावली पडली म्हणून वर बघितलं तर आबा. रस्त्यावर भावाची गाडी. आणि आबा उंबऱ्याशी थांबून, भिंतीला हात टेकवून, पायातली चप्पल काढत होते. मी ओरडलेच, "आबा, काढू नका! अनवाणी नाही चालायचं! आणि हे चपलांचं दुकान आहे, इथं कुणी काढत नाही!"

ते म्हणाले, "म्हाईत हाय. पन तुझी कामाची जागा हाय ही."

मी धावत जाऊन स्टूल आणलं, त्यांना तिथंच दारात बसवलं, घरात घालायचे मऊ सपाते त्यांच्या पायात सरकवले आणि मग आत आणलं. त्यांनी सगळं दुकान डोळ्यांखालून घातलं. फळीवरचे फर्मे बघितले. "दुसरं कुनी न्हाय का मापाला?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही. मीच घेते." मी कागद अंथरला, खाली बसले आणि त्यांचा पाय धरायला हात पुढं केला, तर त्यांनी पाय मागं घेतला. लेकीनं पायाशी बसून पाय हातात धरावा हे त्यांना सोसत नव्हतं. मी हात तसाच धरून ठेवला. गिऱ्हाईक लाजलं की तुम्ही तसंच करायचा. शेवटी पाय पुढं आला. "हुभं राहा आबा. माझ्या खांद्याला धरा." त्यांनी खांदा धरला. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला आणि मी पेन्सिल फिरवली, टाचेपासून, बाहेरच्या कडेनं, करंगळीभोवती, मग ती रिकामी जागा, मग अंगठा. हे पाऊल मी जन्मापासून बघत आलेय, मातीनं भरलेलं, भेगाळलेलं, पण त्याचा आकार मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. माझ्यासारखंच रुंद! उजवं डाव्यापेक्षा लांब! मी वर बघून म्हटलं, "आबा, माझे पाय तुमच्यावर गेलेत." ते म्हणाले, "मग काय शेजाऱ्यावर जानार व्हय?"

खरी परीक्षा पुढंच होती, आणि ती ऐकून तुम्ही हातातलं काम टाकून उठला असता. तुमचे रुंद फर्मे मी काढले, आबांच्या मापाला कमी पडतील तिथं कातड्याचे तुकडे खिळून वाढवले, हलक्या कातड्याचा कच्चा जोड केला आणि त्यांना घालायला दिला. "कसं वाटतंय?" "झ्याक." "कुठं लागतंय?" "कुटंच न्हाय." मी खूश. काढून बघितलं तर करंगळीच्या सांध्यावर लाल. पुन्हा सुधारलं, पुन्हा "झ्याक", पुन्हा लाल, दुसऱ्याच जागी. मी जरा चिडूनच म्हटलं, "आबा, लागतं तर सांगा ना!" ते खाली बघत म्हणाले, "मला कळत न्हाय गं. त्यो पाय माझा हाय का दुसऱ्याचा, कायबी कळत न्हाय." मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. तुम्ही मला शिकवलं होतं, पायाला विचार. आणि इथं शुगरनं पायच मुका केलेला! बूट कितीही देखणा करा, कितीही मऊ करा, चुकला तर सांगायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी जखमच सांगणार.

मी काही दिवस त्याच विचारात होते. आणि मग सुचलं, तात्या! तुमच्याकडून नाही, माझ्या शिवणाच्या क्लासमधून. शिंप्याचा खडू! कापडावर खुणा करायचा तो निळा खडू मी खलात कुटला, वस्त्रगाळ केला, बुटाच्या आत अस्तरावर पातळ पसरला, आबांच्या पायात पांढरे मोजे घातले आणि बूट चढवून त्यांना दुकानात फेऱ्या मारायला लावल्या. काढलं. मोज्यावर सगळीकडं फिकट निळं, आणि करंगळीपाशी व टाचेच्या आतल्या बाजूला गडद डाग. पाय बोलला! जिथं दाब तिथं रंग. मी मोजा हातात धरून अक्षरशः नाचले. आबा म्हणाले, "हे काय, रंगपंचमी हाय का?" त्या जागा मी सैल केल्या, गेलेल्या बोटाच्या ठिकाणी नरम कातड्याची गादी भरली म्हणजे पाय आत सरकणार नाही, पुन्हा खडू, पुन्हा मोजा. मोजा सगळीकडं एकसारखा फिकट निघेपर्यंत सोडलं नाही. आबा त्यासाठी पुन्हा पुन्हा येत राहिले. शेवटी शेवटी दारातून येतानाच म्हणायचे, "आन तुझा खडू."

मग खरे बूट केले. काय कातडं मिळालं होतं! तेल पाजलेलं, जाड असून लोण्यासारखं वळणारं, हातात घेतलं की ऊब धरणारं. आत एकही शिवण पायाला लागणार नाही असं उलटं जोडलं. पुढचा भाग रुंद, बदकाच्या चोचीसारखा. डोळ्याला बेताचाच आहे, हे तुम्हाला आवडेल. घोट्याच्या वर धरून ठेवणारे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या खोडक्यातून चालताना पाय मुरगळायला नको. टाचेभोवती कातडं वळवलं, खाली चुण्या तासून बसवल्या आणि तळ लावायच्या आधी बूट उलटा करून थोडा वेळ नुसती बघत बसले. डॉक्टरांना नेऊन दाखवले. त्यांनी आत बोटं फिरवली आणि म्हणाले, घालू दे, फक्त रोज पाय तपासा.

काल मी ते घेऊन कन्हेरीला गेले. आबांनी सकाळीच धुतलेले कपडे घातले होते. बुटाची नाडी त्यांनी आयुष्यात कधी बांधलेली नव्हती. मी पुढं झाले तर "मला येतंय" म्हणाले आणि बैलाच्या दाव्याला मारतात तसली गाठ मारली. मी ओढून बघितली, पक्की होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "झोपताना तरी काढा म्हंजे झालं." आम्ही निघालो. पहिली काही पावलं ते पाण्यात उतरल्यासारखे चालले, मग बांध लागला आणि पावलांनी वाट ओळखली. मी मागून चालत होते आणि त्यांच्या टाचांकडं बघत होते. टाच हलत नव्हती, तात्या! बूट आणि पाय एकदम उठत होते, एकदम टेकत होते. त्यांनी उसाचं पान हातानं तपासलं, ठिबकची नळी पायानं बाजूला सारली, बुटाच्या पायानं! शेजारच्या रानातले त्यांचे जुने जोडीदार पलीकडून ओरडले, "आबा! लई दिसानं! आन् पायात काय हे? पुन्यातनं आनलं का?"

आबा थांबले. "न्हाय. पोरीनं शिवल्यात."

"कुनी?"

"आमच्या पोरीनं. बारामतीत दुकान हाय तिचं. तुला पायजेल तर जा. पन मापाला हुभं ऱ्हावं लागतं, बसून चालत न्हाय."

शिवल्यात, म्हणाले. हाच शब्द. मी उसाकडं तोंड करून उभी राहिले.

विहिरीवर पोचल्यावर मी त्यांना कठड्यावर बसवलं, बूट काढले, मोजे काढले, दोन्ही पावलं मांडीवर घेऊन उन्हात तपासली. या वेळी त्यांनी पाय मागं घेतला नाही. एक डाग नाही, एक लाली नाही! मी एवढ्यानं ओरडले की विहिरीतले पारवे उडाले. "किती वरडती," आबा म्हणाले, पण हसत होते. मग पाण्याकडं बघत म्हणाले, "त्यो तुजा तात्या. त्यानं शिकवलं न्हवं हे समदं?"

"होय."

"लग्नात आलता. मी बोललो न्हाय त्याच्याशी. बोलाया पायजे हुतं. चांगला मानूस दारात आलता."

हा निरोप तुमचा आहे, म्हणून आज लिहायला बसले. त्यांनी तो मला सांगितला, पण तो माझ्यासाठी नव्हता. तुमच्या मुलाला पाठवावं असं मनात आलं होतं, पण तो पुण्यात आपल्या कामाच्या गडबडीत आहे आणि या पत्रातलं निम्मं टाच आणि चुण्या आहेत. हे कुठंच जायचं नाही. तेव्हा कुणी ऐकत नाही तोवर एक गोष्ट सांगून टाकते. परत येताना आबांनी विचारलं, "डावा बूट वाजतोय का गं?" वाजत होता. प्रत्येक पावलाला, बारीक, कुई करून. मी ठसक्यात सांगितलं, नवं कातडं आहे आबा, आठ-पंधरा दिवसांत आवाज जाईल. त्यांना पटलं. पण तो आवाज कातड्याचा नाही, तात्या. काल रात्री घरी येईपर्यंत मी डोकं खाजवलं, आज सकाळीही. तो कुठून येतो ते मला कळलेलंच नाही.